मुक्तिवेग

आमची भाची दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली, आणि घरांतील सर्वांच्या संमतीनें, म्हणजे तिला एकटीला वगळून, तिचें नांव अकरावी सायन्सला घालण्यांत आलें. बुलढाणा जिल्ह्यांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत हुशार मुलीला दुसरीहि एखादी वाट असूं शकते, ही कल्पना अद्यापि फारशी रुजलेली नाहीं. भाऊजींनीं क्लासची दोन वर्षांची फी एकदम भरली. त्यासाठीं घरांत राखून ठेवलेलें सोयाबीन भाव येण्याची वाट न पाहतां विकलें. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. म्हणूनच दिवाळींत ती मेहकरास आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशीं दार लोटून घेऊन म्हणाली, "मामा, मला फिजिक्स समजत नाहीं. आर्ट्सला गेले तर चालेल का?", तेव्हां आम्हीं जें उत्तर दिलें त्याची आठवण आजहि सुखाची नाहीं. आम्ही म्हणालों, "समजलंच पाहिजे असं कुठं आहे? पाठ कर. आम्हीं तेच केलं."

आणि तें खोटें नव्हतें. आम्हीं आपल्या वेळीं सूत्रांच्या सिद्धता स्तोत्रांसारख्या म्हणून पाठ केल्या होत्या. प्रयोगशाळेंत मीटर-ब्रिजवर तार ताणून रोध मोजावयाचा, त्याचें उत्तर आधींच्या वर्षाच्या वहींतून आम्हांस अगोदर कळलेलें असे. वाचनें मागाहून त्याला जुळतील अशीं लिहून काढीत असूं. परीक्षेंत गुण मिळाले आणि बारावीबरोबर तो विषय आमच्या आयुष्यांतून निघून गेला, तो पुन्हा फिरकला नाहीं. आपल्याला तो कधीं समजलाच नव्हता, हें आम्हीं इतकीं वर्षें कोणाजवळ बोललों नाहीं, आणि त्या दिवशीं बोललों तेंहि फुशारकीनें!

दोन दिवसांनीं आम्ही तिची वही सहज चाळली. अक्षर सुरेख, समासांत तांबड्या शाईच्या रेघा. गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणांत 'एस्केप व्हेलॉसिटी' या शब्दांखालीं तीन रेघा ओढलेल्या होत्या आणि त्याच प्रश्नाला चांचणींत शून्य मिळालें होतें. ही मुलगी दहावीपर्यंत मराठींत शिकली. त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द तिनें घरच्या माणसांसारखे ओळखीचे करून घेतले होते. जून महिन्यांत एका आठवड्याच्या अंतरानें तीं सर्व माणसें घरांतून गेलीं आणि त्यांच्या जागीं परकीं आलीं; तींच माणसें कपडे बदलून आलीं आहेत, हें तिला कोणीं सांगितलें नाहीं. सांगण्यास वेळहि कोणाजवळ असणार? पुढें ज्या प्रवेश-परीक्षेसाठीं ही सारी धांवपळ, त्या सीईटींत पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नास पुरतें एक मिनिटहि मिळत नाहीं. चार पर्याय, त्यांतला एक निवडा, पुढें चला. कॉलेजांत नांव आहे, पण मुलें दिसतात क्लासमध्यें. प्रयोगशाळेशीं त्यांची गांठ पडते ती बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांपुरती.

याच सुमारास पुण्याहून आमचे एक स्नेही आले आणि त्यांना लोणार पाहावयाचें होतें. मेहकराहून तें सात-आठ कोस. भाचीलाहि बरोबर घेतलें, तें केवळ तिला घरांत एकटी ठेवूं नये म्हणून. शास्त्राचा विचार आमच्या मनांत मुळींच नव्हता.

लोणारच्या कांठावर माणूस प्रथम गप्प होतो. सपाट, काळ्या मातीच्या मुलखांत एकाएकी पायांखालची जमीन संपते आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा, दीडएकशें मीटर खोलीचा वाटोळा द्रोण समोर येतो. तळाशीं हिरवट, खारें पाणी, कडेनें झाडी आणि तींत बुडालेलीं जुनीं देवळें. लवणासुर येथें भुयारांत राहत होता आणि भगवान् विष्णूंनीं त्याचा वध केला, ही कथा गांवांतलें दैत्यसूदनाचें मंदिर अजून सांगतें. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. पुढें बराच काळ विद्वानांचा कल हें ज्वालामुखीचें मुख असावें असें मानण्याकडे होता. सगळें वऱ्हाडच लाव्ह्याच्या खडकावर वसलेलें, तेव्हां तें साहजिकच. १९७३ सालीं येथील खडकांत मॅस्केलिनाइट नांवाची कांच सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. खडकांतील स्फटिक न वितळतां केवळ प्रचंड आघातानें कांचेसारखा होतो, तो हा पदार्थ. ज्वालामुखीला तो साधत नाहीं. आकाशांतून कांहीं तरी पडलें, हें त्यानें ठरलें. (२०२० च्या जूनमध्यें पाणी गुलाबी झालें, तेव्हां सर्व देशानें चार दिवस लोणारची विचारपूस केली. तो खारेपणा मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांचा रंग होता. पुढें पाणी हिरवें झालें आणि विचारपूसहि थांबली.)

आमच्या स्नेह्यांनीं प्रत्येक पाहुणा विचारतो तोच प्रश्न विचारला: "मग तो दगड कुठें आहे?" आम्हीं मान हलविली. भाची खालीं पाहत होती. थोड्या वेळानें म्हणाली, "मामा, तो किती वेगानं आला असेल?" आम्हीं पुन्हा मान हलविली. मग ती कांठावरच्या दगडावर बसली आणि पिशवींतून वही काढून उलट्या बाजूनें लिहूं लागली. फार लांबून, जवळजवळ स्थिर असलेली वस्तु पृथ्वीनें ओढली तर वाटेंत तिची जी स्थितिज ऊर्जा कमी होईल तीच गतिज ऊर्जा होईल. गुरुत्वत्वरण ९.८, पृथ्वीची त्रिज्या ६४ लक्ष मीटर. गुणाकाराची दुप्पट, आणि तिचें वर्गमूळ. उत्तर आलें सेकंदाला ११,२०० मीटर.

ती त्या आंकड्याकडे पाहतच राहिली. "मामा, हा तं मुक्तिवेगच होय!"

दहावीच्या पुस्तकांत पृथ्वी सोडून जाण्यासाठीं लागणारा वेग म्हणून तिनें हा आंकडा पाहिला होता, अकरावींत परक्या नांवानें पाहिला होता. लांबून पृथ्वीवर येणाऱ्यालाहि किमान तोच वेग लाभतो, जाण्याचा हिशेब उलटा वाचला कीं येण्याचा होतो, हें तिला लोणारच्या कांठावर दिसलें. आणि आम्हांलाहि तेथेंच दिसलें, हें कबूल करावयास हवें. आमच्या घरापासून सात-आठ कोसांवर हा द्रोण असतांना आम्हीं ती सिद्धता पाठ केली होती!

पुढें तिला थांबविणें शक्य नव्हतें. या वेगानें येणाऱ्या एक किलो दगडाची ऊर्जा सहा कोटी ज्यूलच्या वर भरते. एक किलो टीएनटी दारूची सुमारे बेचाळीस लक्ष. म्हणजे दगड आपल्या वजनाच्या पंधरापट सुरुंग स्वतःच्या पोटांत घेऊन आला. लहान दगडाला हवा अडविते. एवढ्या मोठ्याला ती काय अडविणार? स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर तें होतें: दगड उरलाच नाहीं, त्याची बहुतेक वाफ आणि राळ झाली.

"हें कधीं झालं?" असें तिनें विचारलें, तेव्हां मात्र आमच्याजवळ सांगण्यासारखें थोडें होतें. एका पद्धतीच्या मापनानें सुमारे ५२ हजार वर्षें, आर्गॉन वायूच्या पद्धतीनें सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षें.

"दोन्हींतलं बरोबर कोणतं?"

"त्यावर अजून वाद आहे."

पाठीमागें उत्तर छापलेलें नाहीं असा प्रश्न फिजिक्समध्यें असतो, ही गोष्ट तिला नवी होती. तिचा चेहरा पाहून वाटलें कीं ती आम्हीं तिला दिवाळीच्या पहिल्याच दिवशीं सांगावयास हवी होती.

परतीच्या बसमध्यें ती खिडकीशीं बसून पुटपुटत होती. पृथ्वी स्वतःच सूर्याभोंवतीं सेकंदाला तीस किलोमीटर धांवते. सूर्यापासून सुटण्याचा वेग या ठिकाणीं बेचाळीस. तेव्हां समोरासमोर गांठ पडली तर बहात्तर! मेहकरचा स्टँड येईपर्यंत तिनें तिकिटाची मागची बाजू भरून टाकली होती.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनीं भाऊजींचा फोन आला. चांचणींत फिजिक्सला पूर्वीइतकेच गुण पडले होते, एक प्रश्न सोडवितांना पोरगी बाकीचे सोडून बसली, असें सर म्हणाले. "तुम्हीं तिला काय शिकवलं?" त्यांच्या आवाजांत राग नव्हता, काळजी होती, विकलेलें सोयाबीन आमच्या डोळ्यांपुढें आलें आणि आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आर्ट्सचें काय, असें आम्हीं हळूच विचारलें. तो विषय तिनें पुन्हा काढला नव्हता. मग फोन तिच्या हातीं गेला. ती म्हणाली, "मामा, दगड तिरपा आला तरी खड्डा गोलच कसा?"

आम्हीं तिला उद्यां सांगतों म्हटलें, आणि रात्रीं माळ्यावरची जुनी पेटी खालीं काढली.