खापर फोडायला एकच माथा

मूल दोन वर्षांचं झालं तरी हाकेला वळून बघत नाही, तेव्हा घरातली वाक्यं ठरलेली असतात : ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबा तरी कुठे लवकर बोलले?’ पुढे डॉक्टर स्वमग्नतेचं नाव घेतात आणि सूर पालटतो. आई नोकरी करते, मोबाइल देऊन बसवते, गप्पाच मारत नाही! या खापर फोडण्याला एके काळी तज्ज्ञांचीच फूस होती. लिओ कॅनरने १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं, त्यात आईवडिलांच्या कोरडेपणाचीही नोंद होती. पुढे १९६७ मध्ये ब्रूनो बेटेलहाइमने तर पुस्तक लिहून दोष आईवडिलांच्या, मुख्यतः आईच्या, वागण्याला चिकटवला. खरं तर बर्नार्ड रिमलंडने १९६४ मध्येच तो समज खोडून काढला होता. तो मानसशास्त्रज्ञ होता, आणि अशाच एका मुलाचा बापही. १९७७ मध्ये जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा पुरावा आला. बोल लावणाऱ्यांना त्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

‘पण लवकर थेरपी सुरू केली तर फरक पडतो, मग जबाबदारी आईबापांचीच ना?’ असं विचारतात. जबाबदारी आहेच. पण मधुमेही मुलाला इन्सुलिन आई टोचते, म्हणून मधुमेह तिने दिला असं आपण म्हणत नाही. दुसरे लोक स्वमग्न मुलाच्या आईला बोल न लावता देवीच करून टाकतात. मला हे कौतुकही सोयीचं वाटतं. त्यात बाप सुटतो, शाळाही सुटते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा स्वमग्नतेला स्पष्ट स्थान देतो, तरी ‘आमच्याकडे शॅडो टीचर नाही’ म्हणून प्रवेश नाकारला जातोच.

या घरांत आनंद नसतो, असं मात्र मुळीच नाही. इतके दिवस आईचा हात ओढून बिस्किटांच्या डब्यावर ठेवणारं मूल एके दिवशी खिडकीतून विमानाकडे बोट करतं आणि वळून तिच्या तोंडाकडे बघतं. त्याला काही नको असतं, फक्त दाखवायचं असतं. पाहुण्याला यात विशेष काही दिसत नाही; आईला दिसतं, कारण कुकरच्या शिट्टीआधी त्याला गॅलरीत न्यायचं, हेही तिलाच ठाऊक असतं. ही माहिती एकट्या तिच्याकडे राहणं हाच खरा धोका. ‘आमच्यामागे याचं कोण?’ या प्रश्नावर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा अठरा वर्षांनंतर पालक नेमण्याची सोय करतो. पण त्या अर्जावर नाव घालायला एखादी मावशी, एखादा काका हवा, आणि शिट्टीचं त्यांना आधीपासून माहीत हवं.