डावा गंध, उजवा गंध

पुदिन्याचं पान चुरगळून हुंगावं आणि मग चिमूटभर बाळंतशेपा तळहातावर रगडून नाकाशी न्यावा. पहिला वास थंड, हिरवागार, थेट चटणीपाशी नेणारा. दुसरा ऊबदार, जरासा कडवट, शेक-शेगडीच्या खोलीतला. दोघांचं काही नातं असेल, असं कुणाच्या मनातही येणार नाही. पण दोन्हीकडे मुख्य गंधद्रव्य एकच: कार्वोन. १० कार्बन, १४ हायड्रोजन, १ ऑक्सिजन; तेच अणू, त्याच क्रमानं जोडलेले. फक्त पुदिन्यातला रेणू म्हणजे शेपातल्या रेणूचं आरशातलं प्रतिबिंब. एक डावा, एक उजवा.

तराजूला हा फरक कळत नाही. नाकाला कळतो, आणि याचं मला अपार कौतुक आहे.

श्वासासोबत रेणू नाकाच्या पार वरच्या छतापर्यंत जातात. तिथे ओलसर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. त्यात चेतापेशींची सूक्ष्म लव बुडालेली, आणि त्या लवेवर ‘रिसेप्टर’ नावाची प्रथिनं. रेणू प्रथिनाच्या खोबणीत टेकतो, प्रथिन किंचित वळतं, पेशीच्या आत निरोपामागून निरोप सुटतात. सोडियम, कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि विजेची एक लहर मेंदूकडे निघते. सगळं एका श्वासात. ही प्रथिनं स्वतःच एकाच बाजूच्या, डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांनी विणलेली असतात. म्हणून खोबणीलाही डावं-उजवं असतं. डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात जाते खरी, पण बसत नाही.

या रिसेप्टरांच्या जनुकांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणलं. २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात असे सुमारे ४०० प्रकार काम करतात, आणि साधारणपणे एका चेतापेशीवर एकच प्रकार. मग हजारो वास ओळखायचे कसे? एक रेणू अनेक प्रकारांना जागं करतो, एक प्रकार अनेक रेणूंना दाद देतो. कोण कोण जागं झालं, त्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो. दोन्ही कार्वोन काही रिसेप्टरांना सारखेच चालतात, काहींना त्यातला एकच जास्त भावतो. तेवढ्यानं जुळणी बदलते आणि चटणीच्या जागी बाळंतिणीची खोली उभी राहते. (प्रत्येक जोडीत असं होतं असं नाही, काही प्रतिबिंबांचा वास हुबेहूब सारखा येतो.)

म्हणजे वास पानात नाही, दाण्यातही नाही. तिथे फक्त रेणू आहे. वास होतो तो भेटीत.

बाळंतिणीला जेवणानंतर शेपा चावायला देणाऱ्या आज्यांना कार्वोन ठाऊक नव्हतं. पण २००८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या आयांना काही गंधद्रव्यं कॅप्सूलमधून दिली आणि त्यांचं दूध तपासलं. त्यात शेपातला हा उजवा कार्वोनही होता. सुमारे दोन तासांनी तो दुधात सर्वाधिक उतरलेला आढळला. दूध गिळताना त्याचा गंध घशामागच्या वाटेनं बाळाच्या नाकात चढतो. आईनं काय खाल्लं, हे त्या इवल्या खोबण्यांना असं कळतं.