काठ

आखाजीला पहिला मांडा सुनेनं टाकला. दिवाळीपासून माझा उजवा खांदा वर जात नाही. मी चुलीजवळ पाटावर बसून जाळ सारत होते.

सपिटाचं, कणीक तिंबण्याचं मी बोलत नाही. माझं भांडण काठाशी. दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबली की तिथं नुसती कणीक, दुपदरी. हातांवर फिरवताना मधला भाग पुरणाच्या वजनानं आपोआप उतरत जातो, काठ हटून बसतो. त्याला ओढावं तर मध्ये भोक पडतं, पुरण खापरावर जळतं आणि पुढच्या चार मांड्यांना तो वास. कोपरापर्यंत मांडा घेऊन पाहिला, कणीक सैल करून पाहिली, पुरण कमी घातलं. चाळीस वर्षं तेच.

सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे १२व्या शतकात, मंडक आहेत. तेव्हाही कुणाचा तरी काठ जाड राहिलाच असेल, ते कोण लिहितो!

मी काय करायचे, सांगून टाकते. घडी घालताना जाड काठ आत दडपायचे. लोक म्हणत, ‘रुमाल आहे रुमाल!’ मी मान खाली घालून रस वाढायचे. एकदा नणंदेनं घडी उलगडली. ‘वहिनी, कड चावावी लागते.’ त्यानंतर तिच्या ताटात घाण्यातला सगळ्यात चांगला मांडा जाई. प्रेमानं नव्हे.

बेळगावचा मांडा साखरेचा, कुरकुरीत. त्याच्याशी आमचं वैर नाही. पण महोत्सवांत गॅसवर लोखंडी कढई पालथी घालतात आणि मांडा हवेत उडवतात, ते मला बघवत नाही. लोखंड भडकतं, खापर धीरानं तापतं. टाळ्या मात्र उडवण्यालाच. खांदा धड असता तर मीही उडवला असता.

विसोबा चाटीनं मुक्ताईला खापर मिळू दिलं नाही, म्हणून ज्ञानदेवांनी पाठ तापवली. सगळ्यांना त्या कथेत पाठ दिसते, मला कुंभारवाडा. आमच्याकडच्या कुंभारानं चाक मोडलं. उरलेल्या एका खापराला तडा आहे. त्याची तडकी बाजू मी मागे वळवून ठेवते.

सुनेनं पुऱ्या लाटताना मध्ये जाड ठेवल्या, कडेला अगदी विरळ, आणि मग पुरण भरलं. मांडा उतरला. मी काठ बोटांत धरून पाहिला. दुपदरी आहे हे कळेना.

‘कसा झालाय, आत्या?’

‘जाळ जास्त झाला,’ मी म्हटलं, आणि एक लाकूड बाहेर ओढलं.