झाडण्याची पाळी

डी.एड.ला असताना दहा गाभाघटक मी घडाघडा म्हणून दाखवायचे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलेले. स्त्री-पुरुष समानता त्यातलीच. पाठ टाचणात त्यांच्यासाठी एक रकाना असायचा, तो भरला की झालं. मग शिक्षणसेवक म्हणून बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग मिळाला. वेळापत्रकात ‘मूल्यवर्धन’ पाहिलं आणि प्रश्न पडला, या तासाला फळ्यावर लिहायचं तरी काय?

मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम या जिल्ह्याला नवा नाही. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 2009 मध्ये इथल्याच जिल्हा परिषद शाळांतून तो सुरू केला. त्यामुळे त्या तासाची रीत मुलांनाच पाठ होती. गलका वाढला की एखादी मुलगी न बोलता हात वर करायची, तिला पाहून शेजारचा, मग त्याच्या मागचे. वर्ग शांत व्हायचा आणि सगळे माझ्या हाताकडे बघत बसायचे, कारण तो अजून खालीच असायचा.

जोडीचर्चेनं मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं. दोघांनी आपसात बोलायचं आणि वर्गाला सांगताना स्वतःचं नाही, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. चौथीतला एक मुलगा कुठल्याही प्रश्नाला आधी हात वर करतो. तिसरीतल्या एका अबोल मुलीशी त्याची जोडी लागली. उभा राहिला आणि अडला. तिनं काय सांगितलं ते त्याला आठवेना. खाली बसून म्हणाला, ‘‘परत सांग ना.’’ तिनं सांगितलं. तो पुन्हा उठला, एक वाक्य बोलला आणि तिच्याकडे वळून विचारलं, ‘‘असंच ना?’’ वर्गात त्या मुलीला असं कुणी विचारलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. परस्पर आदर म्हणतात तो याहून वेगळा काय असेल, मला सांगता येणार नाही.

पुढे वर्गाचे नियम मुलांनीच करायचे होते. 26 जानेवारी 2020 पासून राज्यातल्या शाळांत संविधानाची उद्देशिका वाचली जाते. आमच्याकडेही ती रोज परिपाठात म्हटली जाते. चौथीतल्या एका मुलीनं तिथलाच धागा पकडला. ‘‘मॅडम, सकाळी आपण समानता म्हणतो. मग वर्ग आम्हीच का झाडायचा?’’ आमच्या शाळेला शिपाई नाही. मुली झाडतात, मुलं पाणी भरतात, हे माझ्या आधीपासून चालत आलेलं. मुलं लगेच म्हणाली, ‘‘हंडा जड असतो!’’ मुली म्हणाल्या, ‘‘घरी आम्हीच आणतो की.’’ यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी हजेरीपटाच्या क्रमानं दोन्ही कामांच्या पाळ्या ठरल्या आणि यादी मुलांनी स्वतः लिहून भिंतीला लावली.

लगेचच एक वडील शाळेत आले. ‘‘मॅडम, आमच्या लेकराच्या हातात झाडू का दिला?’’ मुलगा-मुलगी समान वगैरे मी मनात जुळवू लागले. पण त्यांचा प्रश्न निराळाच होता. ‘‘सरपंचाचं लेकरू बी झाडतंय का?’’ गावात पिढ्यान्‌पिढ्या झाडू कुणाच्या हातात राहिला, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. माझ्या टाचणातल्या रकान्यात मात्र जात कधी आलीच नव्हती. मी त्यांना यादीपाशी नेलं. त्यांनी बोट ठेवत एकेक नाव वाचलं, सरपंचांच्या मुलाच्या नावावर थांबले, त्याचा वार पाहिला. मग आपल्या मुलाचा. ‘‘त्याचा वार चुकला तर?’’

ही शंका मी मुलांपुढे ठेवली. पाळी चुकवणाऱ्याला काय करायचं? ‘‘छडी,’’ एकजण म्हणाला. शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे, हे मी सोप्या शब्दांत सांगितलं. मग दंड, मग उभं करणं, मग मैदानात न घेणं असं एकेक आलं, आणि दर वेळी जोडीदारानं विचारलं, ‘‘तुझ्याबाबतीत चालेल का?’’ ठरलं ते असं: चुकलेली पाळी दुसऱ्या दिवशी करायची, पुन्हा चुकली तर कारण सगळ्यांसमोर न विचारता बाजूला घेऊन विचारायचं. यादीखाली नियम लिहून झाल्यावर एकानं विचारलं, ‘‘मॅडम, यात तुमचं नाव कुठंय?’’ शनिवारचा रकाना रिकामा होता. तिथं मी ते लिहिलं.