ओळखीच्या नंबरवरून आलेली फाईल

काढणीची घाई आहे, तरी एवढं वाचून घ्या.

आमच्या गावच्या ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची फाईल आली. पाठवणारा आपल्याच शिवारातला, म्हणून तिघांनी लगेच उघडली. त्या बिचाऱ्याने ती पाठवलीच नव्हती! त्याच्या मोबाईलमध्ये तेच ॲप आधी शिरलं होतं, अन् तेच पुढे पाठवत होतं. बोंडअळीचं असंच असतं, वरून बोंड हिरवंगार अन् आत सगळं पोखरलेलं.

म्हणून पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, फाईलच्या नावाचं शेपूट बघा. पीडीएफ म्हणजे कागद. एपीके म्हणजे ॲप. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं. दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी तेच वाचतं. किसानचा हप्ता 2000 चा, पण खात्यात सोयाबीनचे पैसे असतात ना. ई-केवायसी करायची तर सरकारी पोर्टलवर नाहीतर सीएससी सेंटरवर जाऊन करा.

चुकून उघडलीच तर आधी नेट बंद करा, सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा अन् लगेच 1930 लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडले तर अडले. आमचा शेजारी लोक हसतील म्हणून दोन दिवस गप्प बसला. त्यात हसण्यासारखं काय होतं? तक्रार आता झाली आहे, पैसे अजून नाहीत. हरभऱ्याचं बियाणं त्याने काल उधारीवर उचललं.