बारापेडेच्या गुहेतले बिऱ्हाड

गुंफा म्हटले की मराठी माणसाला अजिंठा-वेरूळ आठवते. ती लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने काळ्या कातळात कोरली. पण पावसाच्या पाण्याने हजारो वर्षे चुनखडीचा दगड विरघळवून तयार केलेल्या गुहा आपल्या बसाल्टच्या मुलखात विरळाच. तशी एक गुहा पाहायला उत्साही मंडळी बेळगाव, गोवा, पुण्याहून येत असत. ती बारापेडेची गुहा खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, तळेवाडी आणि कृष्णापूर या गावांच्या मधे आहे. बेळगावपासून हे जंगल सुमारे ३५ किलोमीटर दूर. जवळच पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला भीमगड किल्ला आहे. गोव्यात मांडवी म्हणून ओळखली जाणारी म्हादई याच डोंगरात उगम पावते.

पण या गुहेची ख्याती आहे ती तिथल्या वटवाघळांमुळे. १९१२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सर्वेक्षणात प्रेटर यांना इथे एक वेगळेच वटवाघूळ सापडले. दुसऱ्याच वर्षी ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली. सर्वेक्षणामागची मुख्य प्रेरणा असलेले वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्याला मिळाले.

दिसायला प्राणी मोठा ऐटबाज. अंग गर्द तपकिरी, मानेमागे फिका पट्टा, कान भले मोठे आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले. शेपटी पडद्यातून मोकळी बाहेर आलेली. दिवसभर ही वटवाघळे छताच्या खोल भेगांत दाटीवाटीने बसतात आणि अंधार पडला की किडे टिपायला उंच आकाशात झेप घेतात. जवळजवळ नऊ दशके साऱ्या जगात त्यांचा हा एकच पत्ता माहीत होता. २००० च्या सुमारास कंबोडियात एक आढळले, नंतर मेघालयातही आढळली.

वटवाघूळ म्हणजे अशुभ, ते केसांत अडकते, असे अजूनही कित्येक घरांत सांगितले जाते. कायद्याने मात्र या वटवाघळाला वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. खरे तर भ्यायला हवे ते वटवाघळांनी. विजेरीचा झोत, आरडाओरडा, शेकोटीचा धूर यांनी ती बिथरतात. पिलांच्या दिवसांत माद्या घाबरून उडाल्या की पिले खाली पडतात. वटवाघळाला एका वेळी बहुधा एकच पिलू होते, तेव्हा झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

२०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. आता वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. याची झळ माणसांनाही बसली. रस्ता, वीज, दवाखाना यांच्यासाठी पिढ्यान् पिढ्या ताटकळलेल्या तळेवाडीच्या मराठी कुटुंबांचे पुनर्वसन २०२५ मध्ये सुरू झाले. भरपाई मिळते, पण देवराई आणि शेताचा बांध थोडाच बरोबर नेता येतो?

सहकुटुंब जायचे असेल, तर पावसाळा सरल्यावर जांबोटी-हेमाडगा भागात जावे. हेमाडग्याला वनखात्याचे निसर्ग शिबिर आहे. परवानगीची चौकशी आधीच करावी. गुहेत शिरण्याचा आग्रह मात्र धरू नये. तिन्हीसांजेला मोकळ्या माळावर उभे राहून वर पाहिले, की किड्यांच्या मागे भिरभिरणाऱ्या पाकोळ्या दिसतात. लहान मुलांना तेवढेही पुरते.