तिसरे इंग्रज-मराठा युद्ध कोणत्या दिवशी संपले?

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, तेव्हा युद्ध सुरू होऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. ५ तारखेला खडकीची लढाई झाली, १६ ला येरवड्याची. त्याच रात्री पेशवा दुसरा बाजीराव पुणे सोडून निघाला. पुण्यातल्या व्याख्यानांत पेशवाई बहुधा इथेच बुडवली जाते. पण युद्ध आणखी साडेसहा महिने चालले, आणि व्याख्यात्यांना त्याचे सोयरसुतक नसते.

शहर गेले तरी राज्य करण्याचा हक्क जात नाही. बाजीरावाजवळ फौज होती, पैसा होता आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्याच्याच छावणीत होते. हे ओळखून इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ चा जाहीरनामा काढला: पेशवा पदच्युत, छत्रपतींना वेगळे राज्य, वतने-इनामे कायम. सरदार आणि वतनदार यांना बाजीरावापासून तोडण्यात या कागदाने तोफांइतकेच काम केले. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांच्या हाती आले.

त्याआधी, १ जानेवारी १८१८ ला झालेल्या कोरेगावच्या लढाईनंतर पेशव्यांची फौज पुढे निघून गेली आणि इंग्रज कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरला परतली. तिथला विजयस्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने नंतर उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथे भेट दिल्यापासून त्याला आत्मसन्मानाचा निराळा आणि मोठा अर्थ आला. युद्धसमाप्तीची तारीख मात्र १ जानेवारी १८१८ नव्हे.

समाप्तीला हार कबूल करणारा लागतो, आणि त्याला तसा अधिकारही लागतो. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, जानेवारी १७७९ मध्ये, वडगाव मावळला इंग्रज फौज कोंडली गेली आणि साष्टीसह जिंकलेला मुलूख परत देण्याचा करार झाला. कंपनीच्या कलकत्त्याच्या सरकारने तो झिडकारला. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबले, आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. वडगावचा विजय खराच होता; सही करणाऱ्यांच्या शब्दाला मात्र वरून मान्यता नव्हती.

१८१८ मध्ये अधिकाराची ही अडचण उलट बाजूने आली. असीरगडाजवळ धूळकोटला घेरलेल्या बाजीरावाला इंग्रज सेनानी जॉन माल्कमने अटी घातल्या: स्वतःचा व वारसांचा राज्यावरचा हक्क सोडावा, दक्षिणेत परतू नये, मोबदल्यात सालीना आठ लाख रुपये. ३ जूनला तो माल्कमच्या छावणीत आला. गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम अवाच्या सवा वाटली. एवीतेवी सापडणाऱ्या माणसाला इतके कशाला, हा त्याचा आक्षेप आजही उचलला जातो. तो टिकत नाही. पावसाळा तोंडावर होता, असीरगडाचा आसरा जवळ होता, आणि बाजीराव मोकळा असेपर्यंत प्रत्येक विस्कळीत पथकाला लढायला कारण होते. माल्कमने विकत घेतला तो राजीनामा. नुसता कैदी पकडून तो मिळाला नसता. बाजीराव बिठूरला १८५१ पर्यंत जगला आणि हा सौदा अडीच कोटींच्या वर गेला. कंपनीने तो मुकाट्याने भरला. त्याचे दत्तकपुत्र नानासाहेब यांना तनखा नाकारण्याची वेळ त्यानंतर आली.

असीरगड एप्रिल १८१९ मध्ये पडला, म्हणून काहीजण शेवट तिथे धरतात. तो किल्ला शिंद्यांचा होता. पेशव्यांशी चाललेले युद्ध ३ जून १८१८ लाच संपलेले धरावे.